वेगळा तुंबा

कोकरू जाळीवर चढून बराच वेळ झाला तरी वाल्देमार लारल्दे निखाऱ्यांपासून हलला नव्हता. घरात अडचणीचं बोलणं निघणार असलं की तो असाच विस्तवाला चिकटतो. हातात चिमटा आणि डोळ्यांत धूर असला की माणसाला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ही युक्ती त्याने बापाकडून उचलली होती.

आज बघायचं टाळायचं होतं ते नेलिदाकडे. त्याच्या पाठची बहीण. गावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून याच वर्षी निवृत्त झालेली. निलगिरीच्या ओळीखाली खुर्ची टाकून ती कुत्र्यांशी गप्पा मारत बसली होती. तिच्या मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ निघाली होती आणि मंगळवारी माँटेव्हिडिओला तिचं ऑपरेशन होतं. सर्जन बेरुती वाल्देमारच्या ओळखीचा, खाट त्यानेच मिळवलेली, गाडीत पेट्रोलही त्यानेच भरून ठेवलेलं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी कोकरू, ही तर या घराची रीतच. वडिलांच्या वेळी कापलं, आनिबाल काकांच्या वेळी कापलं, धाकट्या भावाच्या, ओमारच्या वेळी कापलं. तिघांना हाच आजार, तिघांनी पोटभर खाल्लं, आणि तिघेही आता गावाबाहेरच्या दफनभूमीत शेजारी शेजारी झोपलेत. रीत मात्र कोणी बदलली नाही. लारल्दे लोक बायकोशी भांडतील, पाद्र्याशी भांडतील, पण रिवाजाशी भांडणार नाहीत.

"वाल्दे," नेलिदा बसल्या जागेवरून ओरडली, "त्या कोकराच्या आतड्यांच्या वेण्या भाजतोयस ना, त्यात माझंही एक टाक. सर्जनचा त्रास वाचेल."

"गप बस."

"अरे, वरून लिंबू पिळलं की कळणारसुद्धा नाही कोणाला."

टेबलापाशी पाव कापणाऱ्या झुल्माची सुरी थांबली. ही सगळ्यात धाकटी बहीण, माँटेव्हिडिओहून कालच आलेली. "शी! नेली, काहीतरीच बोलतेस. आता मला ते खाववेल का?"

"तुला नाही खाववलं तर कुत्री आहेत," नेलिदा म्हणाली आणि स्वतःच मोठ्याने हसली.

माइते हसली नाही. ओमारची ही मुलगी सकाळच्या बसने आली होती आणि तेव्हापासून आत्याच्या आसपासच घुटमळत होती. बाप गेल्यावर वाल्देमारने तिला वाढवलं, शिकवलं, डॉक्टर केलं. राजधानीतल्या हॉस्पिटलात ती कर्करोगावरच्या नव्या औषधांचं संशोधन करते, हे तो लोकरीच्या व्यापाऱ्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटतो. आज मात्र ती आल्यापासून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. पोरीने गालाला गाल लावून नमस्कार केला तो घाईघाईत, आणि आत्याकडे बघत.

नेलिदाने खुर्ची ओढत ओढत निखाऱ्यांजवळ आणली. आता धूर तिच्याही डोळ्यांत जात होता.

"वाल्दे, मंगळवारी मी बेरुतीकडे ऑपरेशनला जात नाही."

"काय?"

"ऐकलंस ते. मंगळवारीच माइतेच्या हॉस्पिटलात माझी तपासणी आहे. त्यांच्या संशोधनात मी भाग घेतेय. आधी औषधं, मग लागलं तर ऑपरेशन."

"कोणाला विचारून ठरवलंस?"

"मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या."

वाल्देमारने चिमटा विटांवर आपटला. तो बहिणीवर ओरडला नाही, पुतणीकडे वळला. "हे तू भरवलंस हिच्या डोक्यात."

"मी सगळं समजावून सांगितलं, काका. ठरवलं तिने."

"माझ्या घरात वाढून माझ्याच बहिणीवर प्रयोग करणार? उंदीर संपले का तुमचे?"

"उंदरांवर करून झालं," माइते शांतपणे म्हणाली. "माणसांवरही सुरू होऊन बरेच दिवस झाले."

झुल्माला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. तिचं घर त्या हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर होतं. नेली औषधांसाठी माँटेव्हिडिओला राहणार म्हणजे कोणाकडे राहणार, हे न सांगताही उघड होतं. बहिणीवर तिचा जीव होता. पण बहिणीच्या पोटातल्या त्या गोष्टीसोबत एका छताखाली महिनेच्या महिने काढायचे, या विचारात तिने पावाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा कापला. तिला स्वतःलाही तपासणी करून घ्यायला डॉक्टरांनी कधीचं सांगितलं होतं. दर वेळी काहीतरी निघायचं, कधी नातवाचं बारसं, कधी घराची रंगरंगोटी. तपासलं नाही तोवर आपल्याला काही नाही, असं तिचं सरळ शास्त्र होतं.

"आधी ऑपरेशन आणि मग ती औषधं, असं नाही का जमणार?" तिने मधला मार्ग काढला. "म्हणजे दोघांचंही..."

"नाही, झुल्मा आत्या. या संशोधनात औषध गाठ जागेवर असतानाच द्यायचं असतं. गाठ काढली की आत्याला त्यात येता येणार नाही."

"म्हणजे गाठ अंगात ठेवून बसायचं!" वाल्देमार म्हणाला. "ऐकलंस, झुल्मा? बाबांनी उशीर केला, ओमारने उशीर केला. आता ही मुद्दाम उशीर करणार."

"वाल्देचं खरं आहे, नेली," झुल्मा पुटपुटली. "कापून टाकलेलं बरं."

"कापायचं तुला नाहीये, म्हणून बरं," नेलिदा म्हणाली. "गाठ इतकी खाली आहे की बेरुती कापेल तेव्हा पोटाला शौचाची पिशवी लावेल, जन्माची. बाबांची पिशवी कोण बदलायचं, आठवतंय? तू माँटेव्हिडिओला होतीस, आणि हा मेंढ्यांत होता. पिशवीला मी भीत नाही. वेळ आली तर लावेन आणि चौकात मिरवेन. पण दुसरा रस्ता समोर असताना, तो न बघताच मी टेबलावर आडवी होणार नाही. तुम्ही कोकरू कापलं म्हणून तर नाहीच नाही."

चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झालं.

"असतंय काय ते औषध?" शेवटी वाल्देमारने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

माइते उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "एक नाही, दोन औषधं. एकत्र द्यायची. हे बघ काका, आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. तुझे कुत्रे समज. गाठ काय करते, त्यांना साखळ्या घालते. एक गळ्यात, एक पायात. एकच साखळी सोडली तर कुत्रा उठतो, भुंकतो, पण नेहमी पोहोचतोच असं नाही. म्हणून दोन औषधं, दोन साखळ्यांसाठी. गाठीला औषध मारत नाही, कुत्रे मारतात."

"आणि मोकळा सुटलेला कुत्रा कोकरालाच धरेल तर?" वाल्देमारने विचारलं. मेंढीच्या रक्ताला चटावलेला त्याचा लाडका कुत्रा त्याने याच हिवाळ्यात स्वतःच्या हाताने गोळी घालून मारला होता. कुत्र्यांच्या बाबतीत त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"धरू शकतो," माइते म्हणाली. "यकृताला, थायरॉइडला, चांगल्या आतड्यालासुद्धा. दोन औषधं असली की तो धोका जास्त. म्हणून तर सारखं लक्ष ठेवायचं असतं, आणि म्हणूनच आत्याने हॉस्पिटलच्या जवळ राहायला हवं. गाठ विरघळेलच असं मी लिहून देत नाही. काहींची विरघळली, काहींची नाही. नाही विरघळली तर ऑपरेशन आहेच."

"लिहून देत नाही म्हणे! बेरुती लिहून देतो."

"बेरुतीने माझ्या बाबांच्या वेळीही लिहून दिलं होतं," माइते म्हणाली.

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ब्लांका बाहेर आली. वाल्देमारची बायको. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात ‘माते’ या पेयाचं सामान मांडलेलं तबक. लग्न होऊन आल्यापासून या घरातला माते तीच पाजते. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात येर्बाचा कडू पाला, त्यात एक धातूची नळी. पाजणारीने पाणी ओतायचं, एकाने पिऊन तुंबा परत द्यायचा, तिने पुन्हा भरून दुसऱ्याला द्यायचा. तुंबा एक, नळी एक, तोंडं सगळ्यांची. कोणी ‘आभार’ म्हणाला की त्याला पुरे झालं असं समजून तुंबा त्याला ओलांडून पुढे जातो.

तिने नेहमीसारखा पहिला घोट स्वतः घेतला, मग वाल्देमारला दिला, मग माइतेला. झुल्माने एकदा पिऊन घाईने "आभार" म्हटलं. मग ब्लांकाने तबकावरचा रुमाल बाजूला केला. खाली दुसरा तुंबा होता. लहान, काळपट, काठाला चांदीची पट्टी असलेला, स्वतःची वेगळी नळी असलेला. तिने तो पाण्याने भरला आणि नेलिदासमोर धरला.

तो तुंबा नेलिदाने लगेच ओळखला. आधी बाबांच्या हातात होता, मग आनिबाल काकांच्या, मग ओमारच्या. मधली वर्षं तो कपाटाच्या वरच्या फळीवर असायचा. आजारी माणसाचा तुंबा वेगळा. हा आजार नळीतून एकाचा दुसऱ्याला लागतो, नाहीतर एकाच घरात इतक्या जणांना कसा झाला असता, हे लारल्देंच्या घरात पाळण्यातल्या पोराला सुद्धा माहीत होतं. तिनेही कधी काळी त्यावर विश्वास ठेवला होता. पुढे शाळेत मुलांना शरीरशास्त्र शिकवता शिकवता विश्वास उडाला, पण तोंड उघडायची वेळ आली नव्हती.

"ब्लांका, हे काय?"

"तुझा." ब्लांकाचा आवाज मऊ होता. "उकळत्या पाण्यातून काढलाय. स्वच्छ आहे."

"मी मेलेय का?"

"असं कसं बोलतेस! पोरंबाळं येतात-जातात घरात, एवढंच."

"एवढंच!" नेलिदा उठून उभी राहिली. बसून राहिली असती तर रडली असती, आणि आज तिला रडायचं नव्हतं. "पेपरला बसायच्या आधीच नापास करता? गाठ माझ्या आतड्यात आहे ब्लांका, ओठांवर नाही!"

"आरडाओरडा करू नकोस," वाल्देमार म्हणाला. "रीत आहे ती."

"ती रीत चुकीची आहे, काका," माइते म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. मी लहान असताना बाबा शेडच्या पायरीवर एकटे बसून या तुंब्यातून प्यायचे. मी जवळ गेले की मला हाकलायचे. मला वाटायचं, मी काहीतरी केलंय म्हणून बाबा रागावलेत." तिचा आवाज हलला, पण ती थांबली नाही. "हा आजार नळीतून येत नाही. आईबापाकडून येतो, रक्तातून, जन्माच्या आधीच. पेशी वाढताना सगळ्यांच्याच अंगात चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणाही सगळ्यांना असते. आपल्या घराण्यात ती लंगडी आहे. काहींना मिळते, काहींना नाही. नाणं उडवल्यासारखं आहे ते."

"तुला काय माहीत, आपल्या घराण्यात काय आहे ते?"

"माझं रक्त तपासलंय मी. माझ्यात आहे."

झुल्माने तोंडावर हात घेतला.

"मला आजार नाहीये," माइते पुढे म्हणाली. "वेळच्या वेळी तपासणी करते. पण लंगडी यंत्रणा माझ्यातही आहे. तेव्हा तुमच्या हिशेबाने मलाही वेगळा तुंबा द्यायला हवा होता. आत्ता दोन मिनिटांपूर्वी मी तुमच्यातूनच प्यायले. धुऊन टाका ती नळी."

ब्लांका हातातल्या त्या काळपट तुंब्याकडे बघत होती. ती लारल्देंच्या रक्ताची नव्हती, लग्न होऊन पायसांदूकडून आलेली होती. तीन माणसांना तिने यातून पाजलं होतं. दर वेळी तुंबा उकळताना तिला वाटायचं, आपण घर वाचवतोय. पण ते आजारी आहेत हे कळायच्या आधी वर्षानुवर्षं ती त्यांच्याच नळीने प्यायली होती, आणि तिला कधी काही झालं नाही. हे तिच्या ध्यानात कधीच आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तिने ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं.

"वाल्दे," ती म्हणाली, "मला का नाही झालं मग?"

"काय?"

"मी ओमारबरोबर प्यायले. बाबांबरोबर प्यायले. दर फेरीला त्याच नळीला माझंही तोंड लागतं. मग मला का नाही?"

वाल्देमारने हातातला चिमटा उगाच निखाऱ्यांत फिरवला. बायको आपल्या बाजूची नाही, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं.

"ते खरं असेल तर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "ते खरं असेल तर ओमारला मी उगाच बाजूला बसवला. शेवटी शेवटी त्याने मागितलं होतं माझ्याकडे. ‘एकदा तुमच्यातला दे रे,’ म्हणाला. मी नाही दिला. ही पोरगी तिथेच खेळत होती, तिच्यासाठी नाही दिला!"

म्हणून तो त्या रिवाजाला इतका घट्ट धरून होता. रिवाज खोटा ठरला तर भावाला दिलेला नकार उघडा पडणार होता. माइतेने त्याच्या दंडाला हात लावला. तो हात त्याने झटकला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

नेलिदाने ब्लांकाच्या हातातून काळपट तुंबा घेतला. मग काखेतला थर्मासही काढून घेतला.

"आज माते मी पाजणार," ती म्हणाली. "आणि यातूनच पाजणार."

"नेली..."

"नेली काय? शाळेत मी म्हणायचे, वर्गात एकच नियम, सगळ्यांना सारखा. ज्याला प्यायचं त्याने या फेरीत बसायचं. ज्याला भीती वाटते त्याने उठून शेडच्या पायरीवर जायचं. पायरी रिकामीच आहे."

तिने पाणी ओतलं, पहिला कडू घोट स्वतः घेतला. ओमारच्या नळीला अजून जुन्या येर्बाचा वास होता. तुंबा पुन्हा भरून तिने ब्लांकासमोर धरला. ब्लांकाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि डोळे मिटून संपवला.

माइतेने प्यायला. पिताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. बापाची नळी तिच्या ओठांना पहिल्यांदाच लागत होती.

मग झुल्मा. "मी आभार म्हटलं होतं मघाशी," ती चाचरत म्हणाली.

"ते त्या फेरीचं. ही वेगळी."

झुल्मा तुंब्याकडे बघत राहिली. तिला उठून जायचं होतं. पण उठलं की जायला एकच जागा उरत होती. तिने तुंबा घेतला, एका दमात ओढला, जीभ पोळली, खोकला आला. "मागची खोली रिकामी करते," खोकता खोकताच ती म्हणाली. "सकाळी ऊन येतं तिथे. पण एक सांगून ठेवते नेली, माझ्या घरात आतड्यांचे विनोद करायचे नाहीत."

"बघू."

"आणि माइते... मलाही तपास तुमच्याकडे. लवकर. माझं मन बदलायच्या आत."

"म्हणजे मला लागतील ती माणसं मिळाली," नेलिदा म्हणाली. "डॉक्टरबाई, ते दुसरं सांग वाल्देला. ते मला फार आवडलंय."

माइतेने नाक पुसलं. "आपली यंत्रणा लंगडी, म्हणून आपल्या गाठी चुकांनी खच्चून भरलेल्या असतात. चांगल्या पेशींहून इतक्या वेगळ्या दिसतात की राखणदारांना ओळखायला सोप्या. बहुतेक लोकांच्या गाठींवर हे औषध फारसं चालत नाही. आपल्यासारख्यांच्या गाठींवर चालायची आशा जास्त."

"ऐकलंस?" नेलिदा भावाला म्हणाली. "घराण्याने आपल्याला शेतं दिली ती विकली, घोडे दिले ते मेले. हा एक दोष तेवढा टिकून होता. तो तरी आता कामाला लावते. ज्या खोडीने बाबांना नेलं, ओमारला नेलं, तिलाच मी पुढे घालणार. मेले तर लढून मरेन, वाल्दे. कोकरू खाऊन नाही."

तिने तुंबा भरला आणि त्याच्यापुढे धरला. वाफ वर चढत होती.

वाल्देमारने चिमटा खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे दोन्ही हात रिकामे होते. त्याने तुंबा घेतला, काठावरच्या चांदीच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. नळी ओठांना लावली. हळूहळू प्यायला, तळाचं पाणी नळीत गुरगुरेपर्यंत प्यायला. मग तुंबा बहिणीला परत दिला.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो ‘आभार’ म्हणाला असता तर त्याचं पुरे झालं, असं सगळ्यांना कळलं असतं.

तो म्हणाला नाही.

"भर पुन्हा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बेरुतीला मी फोन करतो, मंगळवारी नाही येत म्हणून. पण गाडी मीच चालवणार." मग सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारत त्याने हात पुतणीपुढे धरला. "आणि ते रक्त. कुठल्या हातातलं घेता?"

"मंगळवारी घेऊ, काका. इथे सुई नाहीये."

"मग बाही उगाच वर केली," वाल्देमार म्हणाला, पण ती त्याने खाली केली नाही.

मागे जाळीवर कोकरू एका अंगाने पार करपून गेलं होतं. नेलिदाने तिकडे बघितलं, आणि ओमारचा तुंबा काठोकाठ भरला.